एआय यंत्राचा डेमो खरा की बनाव? पैसे मोजण्याआधी असं तपासा

बोलता चष्मा, छातीवर लावायची पिन, खिशातलं डबडं. व्हिडिओत सगळी फटाफट उत्तरं देतात. धडधडीत खोटं सहसा नसतं; अर्धं खरं असतं, आणि तेच ओळखायला अवघड.

१. कात्री कुठे लागली ते बघा. प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंत दृश्य सलग आहे का? मध्येच कॅमेरा बदलला, तर वाट बघण्याचा वेळ उडवलेला असू शकतो. व्हिडिओखालची बारीक अक्षरंही वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या जेमिनी या एआयचा व्हिडिओ दाखवला, त्यात माणसाशी थेट गप्पा चालल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्षात स्थिर चित्रं आणि लेखी सूचना देऊन उत्तरं घेतली होती. उत्तरं जेमिनीचीच, गप्पा मात्र जुळवलेल्या.

२. उत्तर पडताळा. वेगाला भुलू नका. ह्यूमेन कंपनीच्या पिनला तिच्याच जाहिरातीत पुढच्या सूर्यग्रहणाबद्दल विचारलं. तारीख बरोबर आली, ८ एप्रिल २०२४. पण बघायला जागा सांगितली ऑस्ट्रेलिया आणि पूर्व तिमोर. ते ग्रहण दिसणार होतं उत्तर अमेरिकेत!

३. पडद्यामागे माणूस आहे का? ऑक्टोबर २०२४ च्या टेस्लाच्या कार्यक्रमात रोबो पाहुण्यांशी बोलत होते, पेयं देत होते. त्यांना माणसं दुरून मदत करत होती. ‘हे यंत्र स्वतः करतं का?’ असं सरळ विचारा आणि उत्तर लेखी मागा.

४. आता आपली परीक्षा. हीच खरी. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असेल असा प्रश्न घ्या. आपल्याकडे बेळगावात त्याला तोटा नाही: घरातला जमिनीचा कन्नड उतारा काढा, नावं झाका, यंत्रासमोर धरा आणि मराठीत विचारा, ‘सर्व्हे नंबर किती? क्षेत्र किती एकर, किती गुंठे?’ मग बसचा कन्नड फलक दाखवा. मग आपण घरी बोलतो तसं, मराठीत कन्नड मिसळून विचारा. दुकानदार ‘इंग्लिशमध्ये विचारा की’ म्हणाला तर समजा, डेमो तुमच्यासाठी नव्हता. शांत दुकानात एकदा आणि खडेबाजारच्या गर्दीत एकदा, दोन्हीकडे चालवून बघा.

५. दुकानाचं वाय-फाय बंद करायला सांगा. स्वतःच्या मोबाइल डेटावर चालवा, मग तोही बंद करा. यंत्र मुकं झालं तर त्याचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर आहे. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते तिथे ते शोभेचं. आणि सर्व्हर बंद पडला की कायमचं: ह्यूमेनची ६९९ डॉलरची पिन २८ फेब्रुवारी २०२५ ला अशीच निकामी झाली.

एक मात्र लक्षात घ्या. मंचावर डेमो फसला म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाच्या (फेसबुकवाल्या कंपनीच्या) एआय चष्म्याचा डेमो सगळ्यांसमोर अडखळला. निदान तो थेट चालू होता एवढं तरी कळलं. मला तरी गुळगुळीत व्हिडिओपेक्षा तो बरा वाटतो.

घ्यायचंच ठरलं तर परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि चौथी परीक्षा त्या मुदतीत घरी पुन्हा करा.