गच्चीचं पाणी बोअरला: गल्लीने मिळून कसं करायचं

आधी हिशोब बघा, म्हणजे घरातली माणसं पण तयार होतात. १००० स्क्वेअर फुटाची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, आणि १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. लातूरकडं वर्षाला ७०० मिमी धरा, त्यातलं वीस टक्के सांडण्यात आणि पहिल्या धुण्यात गेलं असं समजा, तरी ५२ हजार लिटर उरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ना, तिला पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या आणि पाणी होतं ५ लाख लिटर, म्हणजे वाघिणीला ५० हजार. आता दहा घरांच्या गल्लीतून दर पावसाळ्यात किती पाणी गटारीत जातंय ते तुम्हीच बघा, आणि मे महिन्यात आपण टँकरवाल्याला फोन लावत बसतो.

एकट्याने केलं तर महाग पडतं कारण पाइप १० नाहीतर २० फुटाच्या लांबीत येतो, तुम्हाला लागतो १३ फूट, उरलेला तुकडा वाया. दहा घरांची मापं एकदम घेतली तर या घरचा तुकडा त्या घरी बसतो, क्लॅम्प, एल्बो, पाइप चिकटवायचं सोल्युशन डब्याने घेता येतं, दुकानदार भाव पण सोडतो, आणि प्लंबरला सलग काम मिळालं की तो मजुरी घासाघीस न करता कमी करतो. पैसे एकदम निघत नसतील तर दिवाळीनंतर भिशी लावा आणि मे मध्ये खरेदी करा. मृगाच्या आधी काम उरकलं पाहिजे, नंतर प्लंबर फोनच उचलत नाही. गच्ची झाडणं, खडी धुणं, खड्डा खणणं ही कामं सावडीने करायची, आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं.

पाइप बसवताना कंजुषी करू नका. हजार फुटी गच्चीला ४ इंची पाइपचे खाली येणारे दोन उभे पाइप ठेवा, एकावर भागवलं तर जोराच्या पावसात गच्चीवर तळं होतं. आउटलेटच्या तोंडाला जाळी लावा. आडवा पाइप असेल तर त्याला ढाळ हवाच. पत्र्याचं घर असेल तर पन्हळ लावून घ्या, पण जुनं मातीचं माळवद असेल तर ते पाणी झाडांना सोडा, बोअरला नको, गाळाने बोअर बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिला पाऊस. उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची घाण सगळी त्यात येते, म्हणून खाली येणाऱ्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक व्हॉल्व्ह बसवा आणि पहिली १०-१५ मिनिटं ते पाणी बाहेर जाऊ द्या, नंतर बंद करा. हा व्हॉल्व्ह कंपाउंडच्या आत नको, गल्लीच्या बाजूला ठेवा. पाऊस येतो दुपारी चारला, तेव्हा निम्मी गल्ली ड्युटीवर असते, मग घरी असलेल्या कोणत्याही मावशीने छत्री घेऊन चार घरांचे व्हॉल्व्ह फिरवले की झालं.

फिल्टरला रेडिमेड घ्यायची गरज नाही. २०० लिटरचा निळा ड्रम भंगारात मिळतो, फक्त केमिकलचा घेऊ नका, वास घेऊन बघा. तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, जाळी, कोळसा, परत जाळी, सगळ्यात वर वाळू. खडी आणि वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, हे काम कंटाळवाणं आहे पण सोडलं तर फिल्टरच घाण पाणी देतो. ड्रमला वरच्या बाजूला ओव्हरफ्लो ठेवा. फिल्टरचं पाणी आधी टाकीत घ्या, १००० लिटरची टाकी १३-१४ मिमी पावसात भरते, म्हणजे एका बऱ्या सरीत. टाकीला झाकण आणि ओव्हरफ्लोला मच्छरची जाळी लावाच, नाहीतर डेंग्यू पाळल्यासारखं होईल. हे पाणी धुण्या-भांड्याला, प्यायला नको.

टाकी भरली की बाकीचं बोअरला. गल्लीत एखादा कोरडा गेलेला बोअर असतोच, आधी तो वापरा, चालू बोअरला हात लावायची गरज नाही. केसिंगभोवती (बोअरमध्ये वरून बसवलेला पाइप) चार बाय चार फुटाचा खड्डा घ्या, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत, कारण काळ्या मातीत पाणी मुरत नाही, नुसतं साचतं. केसिंगला खड्ड्यातल्या भागात ड्रिलने भोकं पाडा, नायलॉन जाळी दोन वेढे गुंडाळा, मग दगड, खडी, वाळू भरा, तोंडाला कॅप घट्ट बसवा, लेकरं खेळत असतात. चालूच बोअर असेल तर भोकं पाडायच्या आधी मोटर वर काढून घ्या, नाहीतर ड्रिल केबलमध्ये जाईल. शौचालयाची टाकी ५० फुटाच्या आत असेल तर तिथं हे करूच नका, आणि रस्त्याचं पाणी तर अजिबात सोडायचं नाही.

भांडण कुठं होतं माहितीय का, "माझ्या गच्चीचं पाणी त्यांच्या बोअरला का घालू?" इथं. खडकातल्या भेगांतून पाणी कुणाच्या घराखाली जाईल ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं आधीच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, की बोअरवाल्याने मार्च ते जून बाकीच्यांना दिवसाआड किती वेळ नळी द्यायची आणि लाइटबिल कसं वाटायचं. तोंडी ठरलेलं एप्रिलमध्ये कुणाला आठवत नाही. काही नगरपालिका-महापालिका अशा कामाला घरपट्टीत सूट देतात, तुमच्याकडं आहे का विचारा, असेल तर अर्ज सगळ्यांनी एकत्र द्या. मे मध्ये दरवर्षी ड्रममधली वरची वाळू काढून धुवायची, ती पाळी कुणाची हे पण त्याच वहीत.