कॉलनी मोजा, मग मॉडेल बांधा

किरणोपचाराचे किरण पेशींवर काय परिणाम करतात याची गणिती मॉडेलं बांधणं हा माझा विषय. मी भौतिकशास्त्र शिकून यात आले. किरणांनी पेशीत किती ऊर्जा सोडली हे काढलं की कर्करोगाच्या गाठीतल्या किती पेशी मरतील ते कळेल, अशी माझी समजूत होती. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात: १ ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे १ ज्यूल. तेवढ्या ऊर्जेने पाण्याचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. पण तेवढ्यानेच एका पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे साधारण ३५ ते ४० ठिकाणी तुटतात. म्हणजे ऊर्जा किती, याइतकंच ती कुठे आणि किती दाटीने पडली हेही महत्त्वाचं.

माझ्या मार्गदर्शकांनी सहा महिने मला संगणकाला हात लावू दिला नाही. आधी कॉलनी मोजायला बसवलं. पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी १९५६ साली दाखवलेली ही पद्धत आजही पाया आहे: किरण दिलेल्या पेशी डिशमध्ये पेरायच्या, एक-दोन आठवडे थांबायचं आणि किमान ५० पेशींच्या कॉलनी, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायच्या. इथे ‘मेली’ याचा अर्थ वेगळा असतो. एखादी पेशी दिसायला धडधाकट असते, दोन-तीनदा विभागतेसुद्धा, पण पुढे वंश वाढवू शकत नाही. ती मेलेलीच धरायची. एकदा एकच डिश मी आणि माझ्या सहकाऱ्याने मोजली, तर आकडे जुळेनात. काठावरच्या लहान कॉलनी मी धरल्या होत्या, त्याने सोडल्या होत्या. तेव्हापासून आलेखावरच्या बिंदूपेक्षा त्याची त्रुटीरेषा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हे दाखवणारी रेघ, मी आधी बघते.

मग येतं रेषीय-द्विघाती मॉडेल. जगणाऱ्या पेशींचा वाटा काढताना मात्रेला अल्फा या स्थिरांकाने आणि मात्रेच्या वर्गाला बीटा या स्थिरांकाने गुणून बेरीज करायची आणि ती e च्या ऋण घातांकात टाकायची. अल्फा ०.३ आणि बीटा ०.०३ धरून कागदावर करून बघा. ८ ग्रे एकदम दिले तर सुमारे १.३ टक्के पेशी उरतात. तेच २-२ ग्रे करून चार वेळा दिले तर ५.६ टक्के. मधल्या वेळात पेशी स्वतःला दुरुस्त करतात, तो हा फरक. मात्र मोजलेल्या बिंदूंवर वक्र बसवताना अल्फा आणि बीटा एकमेकांना ओढतात. एक वाढला की दुसरा घटतो आणि वक्र तरीही छान बसतो. म्हणून या दोघांचे सुटे आकडे मिरवू नका, त्यांची अनिश्चितता सोबत द्या.

किरणांचा प्रकार बदलला की खरी गंमत सुरू होते. कार्बन आयन, म्हणजे विद्युतभारित कार्बन अणू, आपल्या वाटेवर ऊर्जा दाट ओततो. मायक्रोमीटरमागे सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी दाटी असेल तेव्हा परिणाम सर्वाधिक होतो, कारण आयनीकरणांमधलं अंतर डीएनएच्या २ नॅनोमीटर जाडीच्या जवळपास येतं. त्यापुढे मेलेल्या पेशीलाच पुन्हा मारण्यात ऊर्जा वाया जाते. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींना क्ष-किरणांनी मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागू शकते. दाट ऊर्जेच्या किरणांपुढे मात्र हे कवच बरंच पातळ होतं.

तेवढाच परिणाम साधायला क्ष-किरणांची मात्रा किती पट लागेल, याला सापेक्ष जैविक परिणामकारकता म्हणतात. उपचारात प्रोटॉनसाठी ती सरसकट १.१ धरतात. नवख्या माणसाला तो निसर्गनियम वाटतो, तसा तो नाही. हा आकडा मात्रा, पेशीचा प्रकार, ऊर्जेची दाटी आणि आपण कोणता परिणाम मोजतो यानुसार सरकतो. प्रोटॉनच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला तो वाढतो, आणि नेमकी तिथेच निरोगी ऊती असू शकते. माझ्या मते या क्षेत्रात येण्यासारखं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

सरावासाठी जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या जीएसआय या संशोधन संस्थेचा ‘पाइड’ हा पेशी-प्रयोगांचा संग्रह घ्या. डीएनए पातळीवरची संगणकी नक्कल करायची असेल तर ‘जिअंट४-डीएनए’ हे सॉफ्टवेअर शिका. मशीन लर्निंग वापरणार असाल तर चाचणीसाठी सुटे बिंदू बाजूला काढू नका, एखादी पेशीजात किंवा एखाद्या प्रयोगशाळेची सगळी मोजमापं मिळून बाजूला ठेवा. एकाच वक्राचे काही बिंदू शिकवण्यात आणि काही चाचणीत गेले, तर अचूकता फुगलेली दिसते. माझ्या पहिल्या मॉडेलचं असंच झालं होतं. नवी पेशीजात समोर आल्यावर त्याचे अंदाज पार चुकले आणि मी पुन्हा कॉलनींच्या वहीकडे वळले.