फिनिशिंगच्या रेघा जात नाहीत? स्टेपओव्हरला हात लावण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या कारखान्यांत, वेर्ण्याला काय, कुंडईला काय, सीएनसी मिलिंग मशीनवर केलेल्या मोल्डवर (साच्यावर) रेघा दिसल्या की पहिला उपाय ठरलेला: स्टेपओव्हर (कटरच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं, म्हणजे पासांमधलं अंतर) अर्धा करा. मशीनचा वेळ दुप्पट होतो आणि रेघा बऱ्याचदा तिथल्या तिथेच. आधी त्या नेमक्या कुठे आहेत ते बघा.

उभ्या भिंतीवरच असतील तर चूक टूलपाथची, म्हणजे कटरच्या वाटेची. रास्टरचा (वरून बघता समांतर रेषांत जाणाऱ्या पासांचा) ०.३ मिमी स्टेपओव्हर ७५ अंशांच्या भिंतीवर जवळजवळ १.१६ मिमी होतो. झेड-लेव्हलचं (एकेक पातळी खाली उतरत कडेने फिरणाऱ्या पासांचं) उलटं: ०.२ मिमीने खाली उतरलात तर १० अंशांच्या उतारावर दोन पासांत १.१५ मिमी अंतर पडतं. तेव्हा साधारण ४५ अंशांवर जॉब विभागा. उभ्या भागाला झेड-लेव्हल, पसरट भागाला रास्टर, आणि हद्दीवर थोडा ओव्हरलॅप. तो विसरलात तर तिथे दिसणारी रेघ पॉलिशवाल्याच्या माथी.

सपाट भाग घासल्यासारखा निस्तेज दिसतोय? तिथे बॉलनोज (गोल टोकाचा कटर) चालवलाय. बॉलच्या टोकाला कटिंग स्पीड शून्य असतो. तिथे धातू कापला जात नाही, रगडला जातो. १० मिमी बॉलनोज ०.२ मिमी खोलीवर सपाट भागात जेमतेम २.८ मिमी व्यासावर कापतो. म्हणजे ८००० आरपीएमला कटिंग स्पीड कॅटलॉगच्या हिशेबाने मिनिटाला २५० मीटर, प्रत्यक्षात ७०. तीन अक्षांच्या मशीनवर कटर तिरका करता येत नाही, म्हणून सपाट जागा बुलनोजनेच (सपाट तळाच्या, गोल कडांच्या कटरनेच) करा. दहातले पाच जॉब एवढ्यावर सुधारतील असं मला वाटतं.

कोपऱ्यात किरकिर येते? ५ मिमी त्रिज्येच्या कोपऱ्यात १० मिमीचा बॉल घालू नका. तो तिथे एकदम अर्ध्या अंगाने अडकतो. ८ किंवा ६ मिमीचा घ्या, पण त्याआधी रफिंगचा (पहिल्या जाड कटाईचा) उरलेला माल काढून घ्या. कटर होल्डरबाहेर ४० ऐवजी ६० मिमी ठेवलात तर तो तिपटीहून जास्त वाकतो, हेही ध्यानात असू द्या.

वळणावर बारीक पैलू दिसले तर कॅमचा (टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) टॉलरन्स, म्हणजे मूळ आकारापासून चालणारा फरक, तपासा, रफिंगचा ०.१ मिमी तसाच राहिलेला असतो. फिनिशिंगला ०.०१ किंवा त्याहून कमी ठेवा.

आणि पावसाळ्यात लाईट गेली, की आल्याबरोबर त्याच ओळीवरून प्रोग्रॅम सुरू करू नका. गार झालेला स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) आखडलेला असतो. मोल्डवर पायरी हमखास पडते. पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवा, मग दोन-चार पास मागून उचला.