दहावीचा इतिहास व राज्यशास्त्र : पाठ असूनही गुण का जातात? या चुका टाळा

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत कोरी पाने क्वचितच आढळतात. बहुतेक विद्यार्थी भरपूर लिहितात, लिहिलेली माहितीही बऱ्याचदा बरोबर असते, आणि तरीही तीन गुणांच्या उत्तराला एकच गुण पडतो. अशा वेळी पालक ‘अभ्यास कमी पडला’ असे म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात विचारले एक आणि लिहिले दुसरे, असे झालेले असते.

या घोटाळ्याचे मूळ पुस्तक वाचण्याच्या सवयीत आहे. 2018 मध्ये आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात राजे, लढाया आणि तह यांची कालक्रमाने मांडणी नाही. इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे त्याचे विषय आहेत. आधीच्या इयत्तांमध्ये सनावळ्या पाठ करून उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी त्याच पद्धतीने हे पुस्तक वाचतो, समासात साल तेवढे टिपून ठेवतो आणि त्या सालाभोवतीचा युक्तिवाद सोडून देतो.

याचा सर्वाधिक फटका ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात बसतो. प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करून घ्यावे लागते, या विधानाचेच उदाहरण घेऊ. ‘प्रसारमाध्यमे’ हा शब्द दिसताच विद्यार्थ्याची लेखणी धावू लागते : 1780 मध्ये ‘बेंगॉल गॅझेट’ सुरू झाले, 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. यातील प्रत्येक वाक्य खरे आहे, परंतु चिकित्सा का करावी लागते हे त्यांपैकी एकही वाक्य सांगत नाही. माध्यमातील माहिती वास्तवाला धरून असेलच असे नाही, तिच्यामागे लेखकाचा दृष्टिकोन, प्रकाशकाचे धोरण किंवा सरकारी बंधन असू शकते, म्हणून ती इतर साधनांशी ताडून पाहावी लागते, हे खरे उत्तर होय. त्याला 1983 मधील एका उदाहरणाची जोड देता येते : ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून मोठी किंमत देऊन मिळवलेल्या रोजनिशा छापण्यास सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत त्या बनावट असल्याचे सिद्ध झाले. हे उदाहरण उत्तरात शोभते ते कारणाला आधार देते म्हणून. स्वतःची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. उत्तरातील प्रत्येक वाक्यापूर्वी ‘कारण’ हा शब्द ठेवून पाहावा. जे वाक्य विधानाशी जुळत नाही, ते कितीही आवडीचे असले तरी गाळावे.

टीप लिहिताना नेमके उलट घडते. तेथे माहिती हवी असते, पण विद्यार्थी व्याख्या लिहून थांबतो. ‘बखर’ या विषयावर ‘मराठ्यांच्या इतिहासाचे साधन’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेल्या सभासद बखरीचा उल्लेख, तसेच बखरीत शूरांचे गुणवर्णन मोठ्या प्रमाणात असते हा मुद्दा, या दोहोंमुळे टिपेला वजन येते.

जोड्यांच्या प्रश्नात दोन नावे हमखास अदलाबदल होऊन येतात : अलेक्झांडर कनिंगहॅम आणि जॉन मार्शल. कनिंगहॅम हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. त्यांनी हडप्पाला भेट दिली होती, पण त्या अवशेषांचे प्राचीनत्व त्यांच्या ध्यानात आले नाही. मार्शल प्रमुख असताना ते उलगडले आणि 1924 मध्ये त्यांनी ते जगासमोर मांडले. हा क्रम समजला की नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. त्याच प्रश्नात ‘चुकीची जोडी ओळखा’ असे म्हटले आहे की ‘दुरुस्त करून लिहा’, हे नीट वाचावे. केवळ जोडीचा क्रमांक लिहून दुरुस्ती विसरलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

राज्यशास्त्राला 40 पैकी 12 गुण आहेत आणि पुस्तकात अवघी पाच प्रकरणे, म्हणजे कमी वाचनात गुण मिळवून देणारा हा भाग आहे. तरीही तो परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवला जातो. परिणामी संस्थांची सरमिसळ होते. मतदारसंघांची आखणी परिसीमन आयोग करतो, निवडणूक आयोग नव्हे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारताचा निवडणूक आयोग नव्हे. 73 वी घटनादुरुस्ती ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी आणि 74 वी नागरी संस्थांसाठी आहे. दोन्ही 1992 च्या असून 1993 मध्ये अमलात आल्या, त्यामुळे साल लिहिताना ‘संमत’ की ‘लागू’ हेही स्पष्ट करावे. ‘चूक की बरोबर’ या प्रश्नात आधी निर्णय आणि मग कारण लिहावे. पाच ओळींचे सुरेख कारण लिहून विधान चूक आहे की बरोबर हे सांगायचेच राहिले, असेही घडते!

उताऱ्यावरील शेवटचा प्रश्न बहुधा उताऱ्याबाहेर विचार करायला लावतो, त्यामुळे तेथे उताऱ्यातीलच ओळी पुन्हा उतरवून उपयोग होत नाही.

सरावासाठी दर वेळी संपूर्ण प्रश्नपत्रिका दोन तास बसून सोडवण्याची गरज नाही. जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, प्रत्येक प्रश्नातील सूचनेचा शब्द अधोरेखित करावा आणि प्रत्येक उत्तराचे केवळ पहिले वाक्य लिहावे. ते वाक्य सूचनेला उत्तर देत नसेल, तर पुढची दहा वाक्ये लिहिण्याआधी तेच बदलावे.