घोडदळाच्या चढाईची कथा तपासावी कशी

सातारा जिल्ह्यात घोडदळाच्या चढाईची गोष्ट सहज खरी मानली जाते, आणि त्याला कारण आहे. खटाव तालुक्यातील भोसरे हे प्रतापराव गुजरांचे गाव, तर कराडजवळचे तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचे. १६७४ साली नेसरीला बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडलेल्या सरनोबत प्रतापरावांची हकिकत येथील मुले शाळेत जाण्याआधी घरीच ऐकतात. अशा मुलखात मोबाइलवर ‘भाले घेऊन मशिनगनवर चालून गेलेले स्वार’ असा मजकूर आला की वाचणाऱ्याचे मन आधीच त्याच्या बाजूला झुकलेले असते. शाळा-महाविद्यालयांतील भाषणांसाठी, गावच्या स्मरणिकेसाठी किंवा सैनिक मेळाव्याच्या फलकासाठी असा मजकूर वापरला जातो, तेव्हा तो छापण्यापूर्वी कसा पारखावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

अशा कथा दोन सुरांत येतात. एका सुरात स्वार मूर्ख ठरतात: काळ बदलला तरी यांना कळले नाही, हे घोड्यावरून रणगाड्यांशी लढायला गेले. दुसऱ्या सुरात तेच स्वार अतिमानवी ठरतात: केवळ धैर्याच्या बळावर यांनी तोफा आणि मशिनगन निष्प्रभ केल्या. दोन्ही सुरांत गाळलेल्या गोष्टी मात्र त्याच असतात. जमीन कशी होती, वेळ कोणती होती, समोर नेमके कोण होते आणि मागून कोणाचा मारा चालू होता, हे दोन्हीकडे सांगितलेले नसते. म्हणून तपासणाऱ्याने शौर्य की अविचार हा प्रश्न पहिल्या दिवशी बाजूला ठेवावा आणि या चार गोष्टी आधी मिळवाव्यात. त्या मिळेपर्यंत कौतुकही करू नये आणि हसूही नये.

रणगाड्यांवर भाले घेऊन धावले असे सांगितल्या जाणाऱ्या पोलिश घोडदळाचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे, कारण तेथे कथा कशी तयार झाली हे जवळजवळ तासातासाने पाहता येते. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या सुमारास क्रोयांती या गावाजवळ १८ व्या पोमेरेनियन उलान (हलक्या घोडदळाच्या) रेजिमेंटच्या सुमारे अडीचशे स्वारांनी चढाई केली. कर्नल काझिमिएश मास्तालेश त्यांचे नेतृत्व करत होते. त्यांच्यासमोर रणगाडे नव्हते. जंगलातील एका मोकळ्या जागेत विसावलेली जर्मन पायदळाची तुकडी होती, आणि आपल्या पायदळाला मागे सरकायला वेळ मिळवून देणे हा चढाईचा हेतू होता. स्वारांच्या हातात तलवारी होत्या. पायदळ गोंधळले, पांगले, आणि तेवढ्यात झाडीच्या कडेने जर्मन चिलखती गाड्या पुढे आल्या. त्यांच्या माऱ्यात मास्तालेश यांच्यासह वीस-पंचवीस जण मारले गेले आणि पन्नासएक जखमी झाले. बाकीचे स्वार टेकाडाआड निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इटालियन वार्ताहरांना त्या जागी आणण्यात आले. त्यांनी पाहिले ते मेलेले घोडे, मेलेले स्वार आणि आदल्या लढाईनंतर तेथे येऊन उभे राहिलेले रणगाडे. यापैकी कोणतीही वस्तू खोटी नव्हती. खोटा होता तो त्यांच्यामधला जोडलेला संबंध, आणि तो जोडताना वार्ताहरांना प्रत्यक्ष लढाई पाहिल्याची गरज भासली नाही. जर्मन प्रचारयंत्रणेने ती बातमी उचलली, कारण तिच्यातून एक मागासलेला, स्वतःहून विनाशाकडे धावणारा देश दिसत होता. युद्धानंतर पोलंडमधील साम्यवादी राजवटीलाही तीच कथा सोयीची वाटली, कारण तिच्यातून युद्धपूर्व सरदारवर्गाचे आणि अधिकाऱ्यांचे अज्ञान दाखवता येत होते. एकमेकांचे वैरी असलेले दोन प्रचारक एकच कथा सांगतात, तेव्हा ‘दोन्ही बाजू मान्य करतात म्हणजे खरेच असणार’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोघांनीही ती एकाच जागेवरून घेतलेली असू शकते. म्हणून एखादी हकिकत किती ठिकाणी छापली आहे हे मोजण्याऐवजी, त्या सर्वांतील पहिली कोणती आणि तिच्या लेखकाने मैदान किती वाजता पाहिले, हे शोधावे.

याच प्रसंगात आणखी एक धडा आहे. जर्मन सेनापती हाइन्झ गुडेरियन यांनी आपल्या आठवणींत पोलिश घोडदळ तलवारी-भाले घेऊन रणगाड्यांवर धावल्याचे लिहिले आहे. त्याच आठवणींत, घोडदळाच्या दबावामुळे आपल्याच एका मोटारवाहू डिव्हिजनने माघारीची भाषा केली आणि ती ऐकून आपण अवाक झालो, हेही त्यांनी नोंदवले आहे. पहिले विधान त्यांच्या सैन्याला शोभणारे आहे आणि दुसरे अडचणीचे. साक्षीदाराने स्वतःच्या पक्षाला गैरसोयीची गोष्ट सांगितली असेल तर तिला अधिक वजन द्यावे, हा न्यायालयातला जुना नियम इतिहासातही चालतो.

शस्त्रांची यादी पडताळणे हे त्यानंतरचे काम, आणि ते वाटते त्यापेक्षा सोपे असते. पोलिश घोडदळाने लढाईतील भाले युद्धाच्या एक-दोन वर्षे आधीच मागे घेतले होते. त्याच घोडदळाकडे ३७ मिलिमीटरच्या बोफर्स रणगाडाविरोधी तोफा आणि रणगाडाविरोधी रायफली होत्या. त्याच १ सप्टेंबरला मोक्रा येथे वोलिनियन घोडदळ ब्रिगेडने घोडे मागे ठेवून, जमिनीवर उतरून आणि चिलखती आगगाडीची मदत घेऊन जर्मन चौथ्या पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनला दिवसभर अडवले. घोडा त्या काळी बहुतेक वेळा जलद पोहोचण्याचे साधन होता, आणि लढायचे ते पायउतार होऊन. हे एकदा कळले की चित्रातला भालेवाला स्वार आपोआप संशयास्पद ठरतो.

आता आपल्याकडे सर्वांत जास्त फिरणारी कथा घ्यावी: तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेले पॅलेस्टाइनमधील हैफा बंदर, २३ सप्टेंबर १९१८. जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या लान्सर (भालाईत घोडदळ) पथकांनी ते शहर जिंकले, मेजर दलपतसिंह शेखावत तेथे धारातीर्थी पडले, आणि दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकात हैदराबादसह या संस्थानांच्या सैनिकांची आठवण जपली आहे. इतके निर्विवाद आहे आणि अभिमानाने सांगावे असेच आहे. मजकूर बिघडतो तो पुढच्या वाक्यांत, जिथे ‘केवळ भाल्यांनी तोफा आणि मशिनगन हरवल्या’ असे येते.

प्रत्यक्षात आदल्या दिवशी चिलखती गाड्यांची एक तुकडी त्याच रस्त्याने पुढे जाताना माऱ्यामुळे थांबली होती. २३ तारखेला म्हैसूरच्या एका तुकडीने मशिनगन घेऊन कार्मेल डोंगर चढायला घेतला आणि वरच्या तोफांना गाठले. ब्रिटिश तोफखान्याची एक बॅटरी मारा करत होती. शेरवूड रेंजर्स या ब्रिटिश घोडदळाचे एक पथकही मदतीला होते. जोधपूरचे स्वार दुपारी दोनच्या सुमारास दौडत निघाले. किशोन नदीच्या काठची जमीन दलदलीची असल्याने त्यांना नदी ओलांडता आली नाही, तेव्हा ते डावीकडे, डोंगराच्या उताराकडे वळले. तेथील मशिनगन चालवणाऱ्यांना गाठून मग ते थेट शहरात घुसले. शत्रूची मुख्य आघाडी चार दिवसांपूर्वी सुरू झालेल्या मेगिद्दोच्या लढाईत कोसळली होती आणि हैफात माघारीची व्यवस्था पाहणारे सैन्य उरले होते. हल्लेखोरांचे आठ जण मारले गेले, चौतीस जखमी झाले, साठ घोडे मेले, आणि तेराशेहून अधिक शत्रुसैनिक कैद झाले.

हे सगळे कळल्याने दलपतसिंहांचे शौर्य कणभरही कमी होत नाही. उलट, माऱ्याखाली असताना, समोर दलदल लागली म्हणून भरधाव घोडे डोंगराकडे वळवणाऱ्या पथकाची शिस्त आता कुठे दिसू लागते. ‘केवळ भाल्यांनी’ म्हणणारा मजकूर ती शिस्तच पुसून टाकतो. मला या विषयात सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

मशिनगनसमोर घोडा टिकतोच कसा, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. भरधाव घोडा एक किलोमीटर अंतर दीड-दोन मिनिटांत कापतो. मशिनगनला मिनिटाला साधारण पाचशे गोळ्या झाडता येतात, पण तिचा परिणाम अंतराचा अंदाज, उघडे मैदान आणि चालवणाऱ्याचे स्थिर मन यांवर अवलंबून असतो. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी बीरशेबा येथे ऑस्ट्रेलियन स्वार, ज्यांच्याकडे तलवारी नव्हत्या आणि ज्यांनी हातात संगिनी धरल्या होत्या, तुर्की खंदकांवर दौडले. तेव्हा बचाव करणाऱ्यांनी बंदुकांच्या नेमपट्ट्या लांब अंतरावरून खाली आणल्या नाहीत, त्यामुळे गोळ्या डोक्यांवरून गेल्या. हल्लेखोरांचे एकतीस जण मारले गेले. तारेचे कुंपण, बगलेने मारा करणाऱ्या मशिनगन आणि चिखल असता तर हाच हल्ला संपूर्ण पथक गमावून बसला असता. म्हणून एका चढाईचा निकाल दुसरीला लावू नये.

मृतांचे आकडे तपासताना विशेष जपावे. लेखकाला दोन्ही टोके मोहवतात. १८५४ साली क्रिमियातील बालाक्लावा येथे ब्रिटिश घोडदळाच्या लाइट ब्रिगेडने केलेल्या चढाईत सगळेच मेले, असे अनेकांना वाटते. वास्तविक सुमारे ६७० स्वारांपैकी ११० च्या आसपास मारले गेले, तर मेलेल्या घोड्यांची संख्या तीनशेवर होती. फ्रान्समध्ये १४ जुलै १९१६ रोजी हाय वुड या जंगलाजवळ डेक्कन हॉर्स हे भारतीय घोडदळ आणि सातव्या ड्रॅगून गार्ड्स या ब्रिटिश घोडदळाने भाल्यांसह चढाई केली. दुरून पाहिलेल्यांनी पुढे लिहिले की स्वार गवतासारखे कापले गेले. रेजिमेंटच्या नोंदींत मात्र मृत मोजकेच आहेत. दूरवरून पडताना दिसलेला घोडा आणि मेलेला स्वार हे एकच नसतात. उलट बाजूचे उदाहरण सुदानातील ओमदुर्मानचे आहे. २ सप्टेंबर १८९८ रोजी एकविसाव्या लान्सर्सच्या चढाईत एकवीस जण मारले गेले, त्या दिवसाच्या ब्रिटिश पक्षाच्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे. वृत्तपत्रांनी ती चढाई घरोघरी पोहोचवली आणि तिला तीन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. लढाईचा निकाल मात्र तोफा आणि मॅक्सिम मशिनगनांनी लावला, आणि त्या दिवशी दहा हजारांहून अधिक सुदानी मारले गेले. देखणी चढाई पुढे धरून कत्तल मागे ढकलणे, हा प्रचाराचा फार जुना प्रकार आहे.

कागद कसा वाचावा, हेही सांगायला हवे. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पथकांना युद्धरोजनिशी ठेवावी लागे. तिचा छापील फॉर्म साधा असतो: डावीकडे ठिकाण, मग तारीख, मग तास, त्यानंतर घडामोडींचा रुंद रकाना, आणि शेवटी शेरा. बहुतेक वेळा नोंद अधिकाऱ्याने घाईत लिहिलेली असते, आणि तिच्यात ‘भव्य’ किंवा ‘अमर’ असे शब्द क्वचितच येतात. तासाचा रकाना आधी पाहावा. चढाईच्या दिवशीची आणि पुढच्या चार दिवसांची नोंद एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेली दिसली, तर ती नंतर आठवून लिहिली आहे असे समजावे आणि आकड्यांना थोडी सूट द्यावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील अशा अनेक रोजनिश्या आता संगणकावर पाहता येतात.

गावपातळीवरचा पुरावाही असाच नीट वाचावा. अपशिंगे मिलिटरीसारख्या आपल्या गावांतून पहिल्या महायुद्धाची स्मारके आहेत. अनेक गावांच्या वेशीवरील किंवा चावडीवरील शिळेवर या गावातून किती जण युद्धाला गेले आणि किती परत आले नाहीत, एवढेच असते. ते कुठे आणि कसे लढले, हे शिळा सांगत नाही, आणि तेथेच घरातील आठवण रिकामी जागा भरते. खापरपणजोबा हैफाच्या चढाईत होते असे कोणी म्हणत असेल, तर आधी त्यांचे पथक विचारावे. या जिल्ह्यातले बहुसंख्य जवान मराठा पायदळाच्या पलटणींत होते, आणि त्या पलटणींतील फार मोठा भाग मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) लढला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मृत सैनिकाचे नाव, पथक आणि तारीख मिळते, आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही. गावांची इंग्रजी स्पेलिंगे त्या काळच्या लहरीनुसार असल्याने दोन-तीन तऱ्हांनी शोधावे. मेसोपोटेमियातील कुटच्या वेढ्यात उपासमार सोसलेला पायदळाचा शिपाई हैफाच्या स्वारापेक्षा उणा नाही. त्याला घोड्यावर बसवण्याची काहीच गरज नाही.

छायाचित्रांबाबत एकच सावधगिरी पुरेशी आहे. प्रत्यक्ष चढाईचे समोरून घेतलेले छायाचित्र फार दुर्मीळ असते, कारण तेथे कॅमेरा घेऊन उभे राहणे शक्य नव्हते. बीरशेबाचे म्हणून प्रसिद्ध असलेले चित्रदेखील मूळ दिवसाचे की नंतरच्या सरावाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. तसेच ‘जगातील शेवटची चढाई’ हे शब्द दिसले की ते खोडावेत. हैफानंतर चोवीस वर्षांनी, २४ ऑगस्ट १९४२ रोजी, इटलीच्या सावोया घोडदळाने रशियातील इझबुशेन्स्की येथे सोव्हिएत पायदळावर चढाई केली होती.

दुरुस्ती लिहिताना मूळ मजकूर पाठवणाऱ्याला अपमान वाटणार नाही, अशी भाषा वापरावी. पाठवणारे बहुधा मोबाइलवरील गटातील एखादे काका किंवा निवृत्त सुभेदार असतात आणि त्यांनी तो प्रेमाने पाठवलेला असतो. ‘काका, हैफाची तारीख आणि दलपतसिंहांचे नाव बरोबर आहे. त्यात एवढे जोडू या, की म्हैसूरच्या जवानांनी डोंगरावरच्या तोफा घेतल्या आणि ब्रिटिश बॅटरीने साथ दिली, म्हणून जोधपूरच्या स्वारांना शहरात घुसता आले,’ असे लिहिले तर ते बहुतेक वेळा स्वतःच मजकूर बदलून पुन्हा पाठवतात. फलकासाठी लिहायचे असेल तर पहिल्या ओळीत तारीख, ठिकाण आणि पथके, दुसऱ्या ओळीत समोरचे सैन्य आणि पाठीशी असलेला मारा, तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंचे मृत, आणि गौरवाचा शब्द त्यानंतर घालावा.