आजचा नकाशा बाजूला ठेवा, हाडं बघा

एखाद्या जातीला हवामानबदलातून वाचवायचं म्हटलं की सगळे आधी तिचा आजचा वावर नकाशावर शोधतात. मी तो नकाशा शेवटी काढते. पुष्कळदा ती जागा तिच्या आवडीची नसते, माणसाने आणि उंदरांनी सोडलेली उरलीसुरली असते.

लेसान बदक घ्या. हवाईच्या वायव्येला लेसान नावाच्या सखल बेटावर तेवढं उरलेलं. पण मुख्य बेटांवर लाव्हाच्या बोगद्यांत त्याची हाडं सापडली, तीही किनाऱ्यापासून लांब, उंचावर. म्हणजे हे फक्त खाऱ्या तळ्याकाठचं बदक नव्हे. २००४-०५मध्ये काही बदकं मिडवे या दुसऱ्या बेटावर नेली आणि ती तिथे वाढली. मिडवेही सखलच, त्यामुळे चढत्या समुद्राचा प्रश्न तसाच आहे. एका वादळात अख्खी जात जाण्याची भीती मात्र कमी झाली.

तुमचा प्रश्न नेमका करा. ‘पूर्वी कुठे होती?’ याने काही हाती लागत नाही. ‘आजच्याहून उष्ण काळात कुठे तगली?’ असं विचारा. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीचा उष्ण काळ यासाठी चांगला, पण हाडाचं वय काढण्याची कार्बन-१४ पद्धत जेमतेम ५०,००० वर्षांपर्यंतच पोचते. त्यापलीकडे प्रवाळ किंवा गुहेतल्या चुनखडीच्या थरांचं वय युरेनियम-थोरियमने काढावं लागतं. वय न काढलेलं हाड मी पुराव्यात धरत नाही.

मग तळ्याच्या गाळात साठलेले जुने पराग. पाइनचा कण सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतो, दोन बाजूंना दोन फुगे बांधल्यासारखा. तो वाऱ्यावर फार लांब जातो, म्हणून थोडे पाइनपराग दिसले तर तळ्याकाठी पाइनचं बन होतं असं लिहू नका. उलट कीटकांकडून परागण होणाऱ्या झाडांचे कण गाळात क्वचितच येतात. ते दिसले नाहीत म्हणून झाड नव्हतं, असंही नाही. शिंपल्यांच्या एकाच थरात तर शेकडो वर्षांचे शिंपले मिसळलेले असू शकतात. सुटे-सुटे घेऊन वय काढा.

एवढं जमलं तरी जातीला थेट नव्या जागी हलवू नका. ऑस्ट्रेलियातला माउंटन पिग्मी पॉसम हा उंदराएवढा पिशवीधारी प्राणी आज फक्त बर्फाळ डोंगरांत आहे, पण त्याच्या नातलगांचे जीवाश्म सखल, दमट जंगलातले आहेत. म्हणून तिथे कमी उंचीवर बंदिस्त जागेत त्याची पैदास करून बघताहेत. जीवाश्म नातलगांचे आहेत, खुद्द या जातीचे नव्हेत, हे स्थलांतराच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा.