हात लावला तर चाक तापलेलं

आमची जुनी डिझेल जीप 13-14 चं ॲव्हरेज द्यायची. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत डिझेल जास्तच खाऊ लागली. आधी खात्री केली. टाकी गळ्यापर्यंत भरली, दारव्हा-यवतमाळच्या चकरा मारून 212 किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा भरली. साडेतेवीस लिटर! म्हणजे फक्त 9.

गावातला मिस्त्री म्हणे, "भाऊ, इंजिनचा डिझेल पंप खोला लागते." खर्च ऐकून मी गाडी घरी आणली.

एअर फिल्टर काढला तर धूळ अन् कापसाची रुई मिळून गादीच झालेली. इंजिनला हवाच पुरत नव्हती, म्हणून चढावर काळा धूर. नवा टाकला. धूर गेला, पण ॲव्हरेज जेमतेम दहावर.

खरा चोर मागं सापडला. दहा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न लावता थांबलो अन् चारही चाकांजवळ हात नेला (चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला थेट लावू नका, भाजते). मागचं डावं चाक तव्यासारखं. जॅकवर उचललं तर हातानं फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, ड्रममध्ये पावसाळ्यातली काळी माती वाळून बसलेली. ब्रेक लावूनच हिंडत होतो की राव! केबल बदलली, ड्रम साफ केला, टायरात दरवाजावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणं हवा भरली.

परवाचा हिशोब: 260 किलोमीटर, 20 लिटर. पंप अजून खोलला नाही.